गिरणीचा उपास

नवरात्रातला अखंड दिवा मी माझ्या हाताने विझवला. ‘शांत केला’ असं म्हणायची आपली पद्धत आहे, पण मी विझवलाच म्हणते. चौकशीच्या कागदात वेळही आहे, दुपारचे तीन वाजून सव्वीस मिनिटं. आवाज चढवायची मला सवय नाही, म्हणून ही हकिगत शांतपणेच सांगते. मात्र यातला एक शब्दही मागे घेणार नाही.

मी प्रभावती झाडे. पैनगंगेच्या काठच्या एका सिमेंट कारखान्यात अठ्ठावीस वर्षं कोळशाच्या गिरणीवर आहे. साहेब लोक तिला कोल मिल म्हणतात, आम्ही गिरणीच म्हणतो. सिमेंटच्या भट्टीला खड्यांचा कोळसा चालत नाही, तो दळून तोंडाला लावायच्या पावडरीइतका बारीक करावा लागतो, आणि भीती असते ती या बारीकपणाचीच. शेगडीत टाकलेला खडा पेटायला वेळ घेतो, कारण हवा त्याला वरवरच लागते. तोच खडा दळून हवेत उधळला तर प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि सगळे कण एकाच क्षणी पेटतात. उघड्या मैदानात नुसता भपका होईल. लोखंडी पेटीत कोंडलेला असेल तर पेटी फुटते, आणि आमची गिरणी म्हणजे पाच मजली लोखंडी पेटीच.

आणखी एक गोष्ट आहे, ती नव्या माणसाला लवकर पटत नाही. कोळसा काडी न लावताही तापतो. हवेतला ऑक्सिजन तो हळूहळू शोषतो आणि त्यातून ऊब तयार होते. ढीग कोपऱ्यात साचून राहिला तर ती ऊब बाहेर पडत नाही, आणखी वाढते. वरून काळा, गार दिसणारा ढीग पोटात निखारा होऊन बसतो. गिरणी चालू असताना माल वाहता असतो आणि आतली हवाही मुद्दाम ऑक्सिजन कमी करून ठेवलेली असते. थांबली की ढिगाला तापायला निवांत वेळ मिळतो. मग पुन्हा पंखा लावला की धूळ उठते, ताजी हवा शिरते आणि निखारा जागा होतो. म्हणून अशा गिरण्या बहुतेक वेळा फुटतात त्या थांबताना नाहीतर सुरू होताना.

आमच्या जुन्या माणसांनी यावर तोड काढली होती. खंडेनवमीला गिरणीची पूजा असते. तर अष्टमीच्या संध्याकाळपासून तिला कोळसा द्यायचा नाही. पोटात आहे तेवढं दळून संपवायचं, पार रिकामी करायची आणि मगच थांबवायची. याला ते गिरणीचा उपास म्हणत. मी नवी होते तेव्हा मला वाटलं, भाबडी माणसं आहेत. दोन वर्षांनी सुरक्षेचं जाडजूड पुस्तक हाती आलं, त्यात हाच नियम निघाला. आमच्या लोकांनी त्याला फक्त लुगडं नेसवलं होतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे नाक आलं.

कागदोपत्री त्याचं नाव ‘घ्राण’. ते तयार करणारी तेजल वझे पुण्याची, तिशीतली मुलगी. कामाला आली आणि आठवडाभरात मला प्रभामावशी म्हणायला लागली. गिरणी, बंकर आणि धूळ पकडणाऱ्या पिशव्यांचं घर अशा सगळ्या ठिकाणी मिळून तिने चाळीस बारीक नळ्या बसवल्या. प्रत्येक नळीतून हवेचा घोटभर नमुना नाकापर्यंत येतो. कोळसा तापायला लागला की धूर दिसण्याच्या कितीतरी तास आधी कार्बन मोनॉक्साइड आणि आणखी काही वायू अगदी कणभर सुटतात. तेवढं कणभर ओळखायचं म्हणजे आधी स्वच्छ हवा कशी असते ते ठाऊक हवं. म्हणून एक एक्केचाळिसावी नळी स्वच्छ हवेची. नळीतली हवा आणि स्वच्छ हवा यांत जो फरक, तो वास. स्वच्छ हवेचं माप नाक रोज थोडं थोडं नव्याने शिकतं, कारण ऋतू बदलतात, दमटपणा बदलतो.

पहिली दोन वर्षं ते माझ्याकडून शिकलं. त्याने काही दाखवलं की मी जाऊन वास घ्यायची, हात लावायची आणि सांगायची, हो किंवा नाही. तेजल हसायची. “मावशी, याच्यात अर्धं नाक तुमचं आहे.”

“मग नथ घाल त्याला,” मारोती म्हणाला होता.

मारोती निखाडे म्हणजे आमचा फिरस्ता, फिरून यंत्रं बघणारा. खाली गिरणीपाशी तो आणि वर नियंत्रण कक्षात मी, अशी बावीस वर्षांची जोडी. नाकाला तो नाकाड्या म्हणतो.

नाक हुशार होतं. त्या काळात दोनदा त्याने आम्हाला वाचवलं, ते मी नाकारत नाही. पण ते हुशार निघालं म्हणून पाळीतली अकरा माणसं तीनवर आली. गेल्या वर्षी कर्णिकसाहेब कारखान्याचे प्रमुख म्हणून आले. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, “चोवीस तास वास घेणारं यंत्र आहे, मग मिल रिकामी करून थांबवायची कशाला? भरलेली थांबवा, म्हणजे तासाभरात परत सुरू.” नायट्रोजनचंही तेच झालं. गिरणीत निखारा असेल तर नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलतात. ती झडपही आता नाकाच्या हाती गेली. नाकाने लाल दाखवलं तरच ती उघडायची, नाहीतर प्रमुख आणि चालक अशा दोघांच्या अंगठ्यांचे ठसे लागायचे.

गिरणीचा उपास मोडला तो असा. मी तेव्हा गप्प बसले. हे माझं पहिलं चुकलं.

एक नेम मात्र मी सोडला नाही. पाळीवर बसण्याआधी गिरणीला फेरी घालायची आणि ठरलेल्या अकरा जागी उलटा हात लावायचा. तळवा कामाने निबर होतो, हाताची मागची बाजू खरं सांगते. कर्णिकसाहेब एकदा म्हणाले, “मॅडम, ही प्रदक्षिणा कामाच्या वेळेत धरायची का?” मी म्हटलं, “नका धरू. मी अर्धा तास आधी येते.”

आणि दिवा. घट बसले त्या दिवशी मी नियंत्रण कक्षात पहिल्यांदाच देवीची तसबीर लावून तिच्यापुढे तिळाच्या तेलाचा अखंड दिवा लावला. रीतसर परवानगी घेऊन. घरी नवरात्रात मी पायात काही घालत नाही, कारखान्यात सुरक्षेचे बूट घालते. ते देवीला मी केव्हाच समजावून सांगितलंय. दिव्यापुरता नियमही मीच लिहिला होता: ज्योत कक्षाच्या दाराबाहेरच्या पिवळ्या पट्ट्यापलीकडे कदापि जाणार नाही, कारण पलीकडे कोळसा आहे. नऊ दिवस तिन्ही पाळ्यांतल्या माणसांनी त्यात तेल घातलं. सकाळपाळीच्या अख्तरभाईंनी सुद्धा. “तुमच्या बाईसाहेब रागावल्या तर आम्हालाच रात्रपाळी,” म्हणायचे.

खंडेनवमीला दुपारी बारा वाजता गिरणी थांबली. भरल्या पोटी.

त्या दिवशी मात्र कारखाना पूर्वीसारखा दिसतो. निवृत्त झालेले आणि कमी केलेले सगळे येतात, बायकोला घेऊन, सुनांना घेऊन. गिरणीच्या पायथ्याशी मांडव होता. सत्तरएक माणसं असतील. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. आरतीला बॅटरीचं निरांजन. त्यावरून मारोतीची बायको शेवंता दरवर्षी नवऱ्याला टोचते, “याईच्या देवीले करंट लागते!” आरती झाली की साहेब बटण दाबणार, गिरणी घुमणार, मग शिरा, असा कार्यक्रम.

अडीचला माझी पाळी. त्याआधी मी नेमाची फेरी घातली. पहिल्या सहा जागा रोजच्यासारख्या. सातवी जागा पिशव्यांच्या घराखाली, उतरत्या पत्र्याच्या कोपऱ्यात. जुन्या काळी तिथे धूळ अडकली की माणसं घणाने पत्रा ठोकायची, त्याचे पोचे अजून आहेत. बाहेरून पोचा म्हणजे आतून उंबरठा. त्यावर धूळ बसते.

सातव्या जागी मी हात लावला आणि तो आपोआप मागे आला.

“मारोतीभाऊ, इथं लावा बरं हात.”

त्याने लावला. “गरम आहे जी.” मग घाईने म्हणाला, “पण नाकाड्या हिरवा आहे. आत्ताच पाह्यला म्या.”

वर गेले. पडद्यावर चाळीसच्या चाळीस नळ्या हिरव्या. तापमापक पण साधेच आकडे दाखवत होते. तापमापक लावलेले असतात तिथलंच सांगतात आणि कोळसा तर उष्णता पुढे जाऊच देत नाही. हातभर अंतरावर निखारा असला तरी त्यांना पत्ता नसतो.

कर्णिकसाहेब कक्षातच होते, कपाळावर मळवट, चेहरा खुशीत. “या मॅडम. गिरणी सुरू करायला चालक म्हणून तुमचा अंगठा लागेल, मुहूर्त टळायला नको.”

“साहेब, पिशवीघराचा सातवा कोपरा तापलाय. गिरणी सुरू करता येणार नाही.”

“ऑक्टोबरचं ऊन आहे.”

“ती बाजू उत्तरेची आहे. तिथं ऊन येत नाही.”

ते पडद्याकडे बघत राहिले. “घ्राण काय म्हणतं?”

“हिरवं म्हणतं.”

“मग? तुमच्या हाताला काय प्रमाणपत्र आहे?”

“हाच हात लावून ते शिकलंय, साहेब.”

त्यांनी आवाज खाली आणला. मोठ्या माणसांची ती रीत मला ठाऊक आहे. “हे बघा, भट्टीपुरता दळलेला कोळसा दोन तासांचा उरलाय. भट्टी थांबली की आतल्या विटा तडकणार. महिनाभर उत्पादन बंद. सगळं कशाच्या आधारावर, तर तुमच्या हाताला गरम लागलं! अंगठा द्या, नाहीतर तुम्हाला कामावरून बाजूला करून मी दुसऱ्याचा घेतो.”

मी अंगठा दिला नाही. उठून खालच्या वीजघरात गेले. आमच्यापैकी प्रत्येकाला स्वतःचं एक लाल कुलूप दिलेलं असतं. यंत्रात कुणाचा जीव अडकू शकतो असं वाटलं, तर त्याच्या विजेच्या खटक्यावर ते घालायचं. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. गिरणीच्या मोठ्या पंख्याचा खटका मी खाली ओढला आणि कुलूप घातलं. किल्ली पर्समधल्या कुंकवाच्या करंड्यात टाकली.

मग मारोतीला फोन केला. “भाऊ, लोकांना कॅन्टीनमध्ये न्या. आत्ता.”

“आरती बाकी आहे ताई. काय सांगू त्याईले?”

“सांगा, शिरा गरम आहे आणि कमी आहे.”

पाच मिनिटांत मांडव रिकामा झाला.

मी परत आले तोवर कुलपाची खबर साहेबांपर्यंत पोचली होती. “कुलूप काढा. तुम्ही निलंबित आहात.”

“हो. कुलूप माझंच राहील.”

“ते कापता येतं, मॅडम. प्रमुखाने लेखी आदेश दिला की कापता येतं.” त्यांनी कागद ओढला आणि लिहायला लागले.

माझ्याकडे तो कागद पुरा होईपर्यंतचाच वेळ होता. नुसतं कुलूप पुरणारही नव्हतं. आतला निखारा वाढत होता आणि नायट्रोजन हवा होता. त्याला एकतर साहेबांचा अंगठा हवा, नाहीतर नाकाचा लाल रंग. मी तेजलला पुण्याला फोन लावला. पडद्यावर ती आली, मागे तिच्या घरची झेंडूची तोरणं.

“मावशी, हिरवं आहे सगळं. मला इथे दिसतंय.”

“सातवा कोपरा हाताला गरम लागलाय, आणि हात खोटं सांगत नाही गं. नाक का चुकेल, ते सांग.”

“ते चुकत नाही...” म्हणता म्हणता ती थांबली. “मावशी, स्वच्छ हवेचा आलेख बघा. एक्केचाळीस. हा चढतोय. रोज चढतोय. नऊ दिवसांपूर्वी सकाळी नऊ चाळीसला सुरुवात झालीय. तेव्हा काय केलंत तुम्ही?”

नऊ चाळीस. घटस्थापनेचा मुहूर्त.

“तेजल, एक्केचाळिसावी नळी कुठून हवा घेते?”

“तुमच्याच कक्षातून. अख्ख्या कारखान्यात तीच हवा गाळलेली आहे. भिंतीला, मागच्या...” तिने पडद्यावर डोळे बारीक केले. “मावशी, ती तसबीर कधी लावली तिथे?”

मी मागे वळून पाहिलं. तसबिरीच्या खाली, समईच्या बरोबर मागे, भिंतीत बोटभर भोक. नऊ दिवस बंद खोलीत माझा दिवा जळत होता आणि नाक तोच धूर स्वच्छ हवा म्हणून शिकत होतं. जळण्याचा वास हीच त्याची स्वच्छता झाली होती. मग जळत्या कोळशाचा वास त्याला कुठून वेगळा लागणार? दोघांत फरकच उरला नव्हता.

मारोती तोवर वर आला होता. त्याने सगळं ऐकलं. “ताई, दिवा बाहेर नेऊन ठेवू. मी धरतो पदराआड... म्हणजे टोपीआड.”

“पिवळ्या पट्ट्यापलीकडे ज्योत जात नाही. मीच लिहिलंय ते.”

“मंग?” त्याला कळलं होतं, पण मान्य करायचं नव्हतं. “घट उठाले एक दिवस राह्यला ताई. अखंड आहे तो. कुणी विझवत नाही. नको करू माय.”

साहेबसुद्धा लिहायचे थांबले. “मॅडम, हे... लोकांना आवडणार नाही. दिवा असू दे. मी आदेश देतो, विषय संपेल.”

माणसाच्या मनाची गंमत आहे. सत्तर माणसांच्या उशाशी निखारा असताना बटण दाबायला ते कचरत नव्हते. दिव्यापाशी कचरले.

मला लहानपणापासून सांगितलं होतं, अखंड दिवा विझला तर घराचं वाईट होतं. अठ्ठावीस वर्षांत माझा एकही नेम चुकला नव्हता. मुलीच्या बाळंतपणात नाही, यजमान गेले त्या वर्षीही नाही. मी तसबिरीपुढे उभी राहिले. हात जोडले. माफी मागितली नाही. मनात एवढंच म्हटलं, आई, तुला खोटी साक्ष देणारा दिवा हवा असेल तर तो मी लावणार नाही.

वात तेलात बुडवली. ती चुरचुरली. मारोतीने तोंड फिरवलं.

“दारं उघडा. खिडक्यांच्या काचा काढा. पंखे लावा. तेजल, ते नऊ दिवसांचं शिकणं पुसून टाक.”

“पुसते. पण खोलीतली हवा बदलायला वीस मिनिटं लागतील मावशी.”

साहेबांनी कागद उचलला. आदेश लिहून झाला होता, फक्त सही राहिली होती. कुलूप कापणारा माणूस दारात येऊन उभा होता. मी दारालगतच्या, वीजघरात उतरणाऱ्या जिन्यावर जाऊन बसले; तिथून पडदा दिसत होता.

“बाजूला व्हा, मॅडम.”

“सही करा, मी होते. कागदावर लिहा, गिरणी सुरक्षित आहे हे मी स्वतः पाहिलं. खाली नाव आणि वेळ. नाक सही करत नाही साहेब, तुम्हालाच करावी लागेल.”

त्यांनी पेन टेकवलं. उचललं. परत टेकवलं. “घ्राण हिरवं दाखवतंय,” ते स्वतःशीच म्हणाले.

“वीस मिनिटं थांबा. तेव्हाही हिरवं असेल तर किल्ली मी माझ्या हाताने देते आणि राजीनामाही देते.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. कॅन्टीनकडून भजनाचा आवाज येत होता. शिरा खरंच कमी पडला असावा. बाराव्या मिनिटाला तेविसावी, म्हणजे सातव्या जागेजवळची, नळी पिवळी झाली. सतराव्या मिनिटाला लाल. तिच्या शेजारच्या दोन लाल. भोंगा वाजला आणि नायट्रोजनची झडप आपली आपण उघडली. जाड पाइपातून वारा शिरल्यासारखा आवाज आला. पडद्यावर तेजल रडत होती.

साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला.

गिरणीची सगळी दारं तीन दिवस बंद ठेवली. असा निखारा उघडूनही पाहायचा नसतो आणि त्यावर पाण्याचा फवाराही मारायचा नसतो. दोन्हींनी धूळ उठते. चौथ्या दिवशी, आतलं सगळं गार झाल्यावर उघडलं. सातव्या कोपऱ्यात, पोच्याच्या उंबरठ्यावर, लाल भोपळ्याएवढा जळून दगड झालेला गोळा निघाला. पंखा लागला असता तर तो त्या धुळीच्या ढगात पडला असता. खाली मांडव होता.

भट्टी थांबली. विटा तडकल्या. साहेब त्याबाबतीत खरं बोलले होते.

चौकशी झाली. अहवालात कारण एकाच ओळीचं: नियंत्रण कक्षातील धार्मिक दिवा. मी म्हटलं, बरोबर आहे, ती चूक माझी. दिवा मी लावला, नळी कुठे आहे ते मी पाहिलं नाही. खाली सही करते. पण दुसरी ओळ पण लिहा, की गिरणी भरल्या पोटी थांबवली होती. रिकामी असती तर दिव्याने काय बिघडलं असतं? ती ओळ कुणी लिहायला तयार होईना. मीही सही केली नाही. निलंबित होऊन घरी बसले. किल्ली करंड्यात होती.

गिरणीची दुरुस्ती झाली, विटा बदलून झाल्या, पण पंख्यावर माझं कुलूप तसंच. ते कापायला लेखी आदेश हवा आणि त्यावर कुणाचं तरी नाव हवं. वरपासून खालपर्यंत एकही नाव मिळेना. कोजागिरी झाली, दिवाळीही सरली. त्यानंतर दोन दिवसांनी कर्णिकसाहेब स्वतः माझ्या दारात आले, बूट काढून आत बसले. मी चहा ठेवला.

त्यांनी कागद पुढे केला. दोन्ही ओळी होत्या. खाली नवा नियम टाइप केलेला: ‘गिरणी थांबवण्यापूर्वी शक्यतो पूर्ण रिकामी करावी. दर पाळीला चालकाने अकरा जागी हात लावून नोंद करावी.’

“आता तरी द्याल किल्ली?”

मी कागद दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

“‘शक्यतो’ खोडा.”

“मॅडम, कधी अडचण आली तर...”

“अडचण येणारच, साहेब. त्यासाठीच नियम आहे. उपासात शक्यतो नसतं.”

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग पेन काढलं, शब्दावर रेघ मारली आणि शेजारी सही केली, नाव आणि तारखेसकट. मी करंडा उघडला. किल्लीला कुंकू लागलं होतं. पुसली नाही, आणि त्यांच्या हातात दिलीही नाही. म्हटलं, “चला. कुलूप माझं आहे, मीच काढणार.”

तसबिरीपुढे आता फक्त फूल असतं. भोकाभोवती मारोतीने लाल रंगाने चौकट काढलीय आणि आत लिहिलंय, ‘इथे नाकाड्या श्वास घेते’.

पुढच्या वर्षी अष्टमीच्या संध्याकाळी गिरणीचा कोळसा तोडला. तासाभरात तिचा आवाज पोकळ झाला, मग ती थांबली. मी अकरा जागी हात लावला. अकराच्या अकरा गार होत्या. ती उपाशी होती. मीही.